वकील नेमका कधी गाठायचा? अपघात, धंदा आणि पोलीस स्टेशन, पहिल्यांदाच वेळ आलेल्यांसाठी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि त्या नादात आपण वकिलाचीही पायरी चढत नाही, इथेच सगळा घोळ होतो. या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत. आमच्या घरात गेल्या काही वर्षांत तीन प्रकरणं झाली, धाकट्या भावाचा अपघात, माझ्या प्रिंटिंगच्या धंद्यातला बाऊन्स झालेला चेक आणि मावसभावाला आलेलं पोलिसांचं बोलावणं, आणि तिन्ही वेळा आम्ही वकिलाकडे उशिरा गेलो. त्यातलं एक तर वकिलाच्या नुसत्या एका नोटिशीवर मिटलं, कोर्टाचं तोंडसुद्धा बघावं लागलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय, सगळं आपल्याकडच्या कायद्याप्रमाणे आहे. मी वकील नाही, फाईल काखेत मारून फिरलेला पक्षकार आहे, तेव्हा तुमच्या केसचं शेवटचं मत तुमच्या वकिलाचंच घ्या.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण पुढे सगळीकडे तीच येणार आहे. वकील दोन गोष्टींच्या आधी गाठायचा असतो, एक म्हणजे सही आणि दुसरी म्हणजे मुदत. सही झाली किंवा मुदत गेली की तोच वकील तुम्हाला दुप्पट महाग पडतो आणि निम्माच उपयोगी.

१. आधी बघा, हे खरंच वकिलाचं काम आहे का

प्रत्येक गोष्टीला वकील लागत नाही. वस्तू खराब निघाली, सर्व्हिस नीट दिली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला आधी फोन करा, बऱ्याच कंपन्या तिथेच नरम होतात. नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही स्वतः तक्रार करू शकता, तिथे वकील लावलाच पाहिजे असं नाही, मुदत मात्र २ वर्षांची. ऑनलाइन पैसे गेले तर वकील शोधत बसू नका, पहिला फोन १९३० ला, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे असतात आणि तिथे अर्ध्या तासानेही फरक पडतो. माहिती अधिकाराचा अर्ज, कागद हरवल्याची तक्रार, ट्रॅफिकचं चलन, हेही आपलं आपण होतं.

वकील कधी हवाच? तर समोरच्याने वकील लावला असेल, कोर्टाचं समन्स किंवा वकिलाची नोटीस आली असेल, कोणी स्टॅम्प पेपरवर सही मागत असेल, अंगाला मोठी दुखापत झाली असेल किंवा माणूस गेला असेल, आणि पोलिसांनी तुम्हाला साक्षीदार म्हणून नाही तर संशयित म्हणून बोलावलं असेल. यातलं एक जरी लागू असेल तर त्याच आठवड्यात जा, आणि पोलिसांचं असेल तर त्याच दिवशी.

२. मुदत कधी सुरू झाली ते शोधा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित. आपल्याला वाटतं आपली बाजू खरी आहे ना मग कधीही जाऊ, पण कायदा आधी तारीख बघतो आणि मग खरं-खोटं बघतो. माझ्या डायरीत मी लिहून ठेवलेल्या मुदती देतो:

- चेक बाऊन्स: बँकेचा मेमो, म्हणजे चेक परत आल्याची चिठ्ठी, मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती समोरच्याला मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते १५ दिवस संपल्यावर १ महिन्यात कोर्टात तक्रार.
- मोटार अपघाताचा नुकसानभरपाई दावा: अपघाताच्या तारखेपासून ६ महिने. ही अट १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे पण त्या भरवशावर घरी बसू नका.
- उधारी वसुलीचा दिवाणी दावा: साधारण ३ वर्षं. मध्ये समोरच्याने लेखी बाकी कबूल केली तर तिथून पुन्हा नव्याने मोजतात, पण ती कबुली आधीची ३ वर्षं संपायच्या आतली हवी.
- दिवाणी दाव्याचं समन्स आलं तर तुमचं म्हणणं ३० दिवसांत द्यायचं. कोर्ट पुढे वाढवून देऊ शकतं पण त्यावर विसंबू नका, कारण तुम्ही गेलाच नाहीत तर एकतर्फी हुकूम होतो.

नोटिशीचं पाकीट आलं की ते परत पाठवू नका, घेतलं नाही म्हणजे आलंच नाही असं होत नाही. पाकीट घ्या, वर पोस्टाच्या शिक्क्याची आणि तुम्हाला मिळाल्याची तारीख पेनाने लिहा, पाकिटासकट फोटो काढा. वकिलाने पहिल्याच भेटीत मला विचारलं होतं, "पाकीट कुठंय?" आणि मी ते फाडून टाकलं होतं.

३. अपघात झाला असेल तर

भाऊ बाईकवर होता, मागून टेम्पोने उडवलं, उजव्या पायाचं हाड मोडलं आणि उजवं मनगट गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पोचा मालक दवाखान्यात आला, नारळपाणी घेऊन, अगदी हात जोडून, आणि म्हणाला २५ हजार आत्ता घ्या, पोरगं नवीन आहे त्याचं लायसन्स जाईल, एवढ्या कागदावर सही द्या. कागद स्टॅम्प पेपरचा होता, वर टाइप केलेलं होतं की अपघात आमच्याच चुकीने झाला आणि आमची काही तक्रार नाही. भावाचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. मी तिथेच उभा होतो. आम्हाला वाटलं माणूस चांगला आहे, स्वतःहून आला. तोच ठसा पुढे विमा कंपनीच्या वकिलाने न्यायाधिकरणात, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालतात त्या कोर्टात, काढून दाखवला. आमच्या वकिलाने तो दवाखान्याच्या केस पेपरवरून खोडून काढला, त्या दिवशी भावाला किती वाजता कुठलं इंजेक्शन दिलं होतं ते त्यात लिहिलेलं होतं, पण त्यात आठ-नऊ तारखा गेल्या.

म्हणून क्रम असा ठेवा.

आधी उपचार. ११२ ला फोन करा. रस्ता अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या दवाखान्यांत ७ दिवसांपर्यंत आणि दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची केंद्र सरकारची योजना २०२५ पासून आहे, ती विचारून घ्या, दवाखाना स्वतःहून सांगेलच असं नाही. केस पेपरवर "वाहन अपघात" असं लिहिलंय का ते बघा. घाईत "पडला" असं लिहिलं जातं आणि विमा कंपनी त्या एका शब्दावर वर्षभर भांडते.

मग पोलीस. एफआयआर नोंदवा आणि तिची प्रत मागून घ्या, ती फुकट मिळते. इथे एक मोठा सापळा आहे. पोलिसांनी एनसी लिहून घेतली म्हणजे एफआयआर झाली असं समजू नका. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलीस तिचा तपासच करू शकत नाहीत. आणि हद्द आमची नाही म्हणून परत पाठवत असतील तर झिरो एफआयआर मागा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा, त्याच्या कलम १७३ मध्येच आहे की हद्द कुठलीही असो, नोंद घ्यायची. तरी घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथेही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. या शेवटच्या टप्प्याला वकील लागतोच.

तिसरं, समोरच्या गाडीचा नंबर आणि विमा. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की विमा चालू आहे का ते दिसतं. पैसे बहुतेक वेळा विमा कंपनीच देते, टेम्पोवाला नाही, त्यामुळे त्याच्या गरिबीची दया येऊन दावा सोडू नका. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तरी मार्ग आहे, हिट अँड रन योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात, अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयातून सुरू होतो.

आता वकील कधी? माझं स्पष्ट मत, डिस्चार्जची वाट बघू नका. पहिल्या आठवड्यात घरातल्या दुसऱ्या कोणीतरी जाऊन भेटायचं. कारण पंचनामा कसा झालाय, साक्षीदार कोण घेतलेत, एफआयआरमध्ये चालकाची चूक नीट आलीय का, हे तेव्हाच दुरुस्त करता येतं. तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, तो गेला का हेही वकील विचारतो, आपण विचारत नाही.

आणि दवाखान्यात येणाऱ्या "क्लेम करून देतो" वाल्या माणसांपासून लांब राहा. आमच्याकडे एक जण आला होता, कोरं वकीलपत्र, म्हणजे वकिलाला आपल्या वतीने उभं राहायचा अधिकार देणारा कागद, हातात घेऊन, म्हणाला आत्ता एक रुपया नको, मिळेल त्यातले ३० टक्के माझे. वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिलच्या नियमांत निकालावर अवलंबून फी ठरवायला आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायला वकिलाला चक्क मनाई आहे, आणि असं फिरून गिऱ्हाईक शोधायलाही. म्हणजे जो पहिल्याच भेटीत दोन नियम मोडतो त्याच्या हातात आपण घरातल्या माणसाची भरपाई देतोय.

हे ३० टक्के म्हणजे किती ते बघा. भरपाई ढोबळमानाने अशी काढतात, वर्षाचं उत्पन्न गुणिले कायमच्या अपंगत्वामुळे कमाई जितकी टक्के घटली ते, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. सरला वर्मा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००९ साली या गुणकांचा तक्ता घालून दिला, ३१ ते ३५ वयाला १६. समजा महिन्याला १५ हजार कमाई, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार, कमाईवर २० टक्के परिणाम, तर ३६ हजार गुणिले १६ म्हणजे ५ लाख ७६ हजार, दवाखान्याचा खर्च, वेदना, बुडालेला पगार हे वर वेगळं. त्यातले ३० टक्के म्हणजे १ लाख ७२ हजार ८०० नुसते कोरं वकीलपत्र आणल्याचे.

यात टक्का कुठला धरायचा हा खरा वकिली भाग आहे. सर्टिफिकेटवर पायाचं अपंगत्व ४० टक्के असेल तर कमाईचं नुकसान तेवढंच असेल असं नाही. बसून काम करणाऱ्याचं कमी धरतील, ड्रायव्हरचं किंवा गवंड्याचं खूप जास्त. तुमचं काम नेमकं काय, त्यात उभं राहावं लागतं का, ओझं उचलावं लागतं का, हे वकिलाला तपशिलाने सांगा, मालकाचं पत्र आणा. उत्पन्नाचा पुरावा नसेल तर बँकेचं पासबुक, दुकानाचा परवाना, जुनी बिलं, जे असेल ते. आम्ही भावाच्या गॅरेजच्या उधारीच्या वह्या दिल्या होत्या, त्याही कामाला आल्या.

दावा अपघात जिथे झाला तिथेच टाकावा लागतो असं नाही, तुम्ही राहता त्या हद्दीतही चालतो. लोक उगाच दीडशे किलोमीटरवर हेलपाटे मारतात. आणि लोकअदालतीत तडजोडीला बसलात तर सही करायच्या आधी आकडा वकिलाकडून कागदावर मांडून घ्या, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

४. धंद्याचं असेल तर

धंद्यात वकील भांडणाला लागतो त्यापेक्षा जास्त आधी लागतो. तीन कागद मी आता दाखवल्याशिवाय सही करत नाही: भागीदारीचा करार, जागेचा करार आणि कोणासाठी राहिलेला जामीनदारीचा कागद.

जामीनदारीचं वेगळं सांगतो. "नुसती सही हवीय, बँकेची फॉर्मॅलिटी" असं म्हणतात, पण भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. म्हणजे बँकेने आधी त्याच्याकडून वसूल करायचं आणि उरलं तर तुमच्याकडून, असा क्रम नसतो, ती थेट तुमच्या दारात येऊ शकते. भाऊबंदकीत आणि दोस्तीत ही सही सगळ्यात जास्त होते आणि ती करताना वकिलाकडे जायला आपल्याला लाज वाटते. जा. मित्राला राग आला तर येऊ दे.

भागीदारी फर्म रजिस्टर केलेली नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ मुळे फर्मला करारावरून तिऱ्हाईतावर दावाच लावता येत नाही. आपले पैसे अडकल्यावर हे कळून काही उपयोग नाही. धंदा चालू करतानाच करून टाका.

माझ्या चेकचं असं झालं, एका पार्टीचा १ लाख ४० हजारांचा चेक परत आला. फोन केला की म्हणायचा, "दादा सोमवारी टाकतो," मग सोमवार, मग तेरावा झाला घरी, मग पुढचा सोमवार. बँकेचा मेमो माझ्या गल्ल्याच्या खणात कागदांखाली पडून होता. ४२ व्या दिवशी मी वकिलाकडे गेलो, म्हणजे नोटिशीचे ३० दिवस उलटून गेले होते. मला वाटलं संपलं. त्यांनी चेक हातात घेतला, तारीख बघितली, बोटावर दिवस मोजले आणि म्हणाले, चेक भरायची ३ महिन्यांची मुदत संपायला अजून १८ दिवस आहेत, उद्या सकाळी परत भरा. भरला, पुन्हा बाऊन्स झाला, नवा मेमो आला, नवे ३० दिवस सुरू. त्याच आठवड्यात नोटीस गेली आणि बाराव्या दिवशी पैसे खात्यात. अजून तीन सोमवार थांबलो असतो तर हा दरवाजा बंद होता, मग उरला असता फक्त दिवाणी दावा, आणि तो किती चालतो ते विचारू नका.

तेव्हा चेक परत आला की मेमोवर मिळाल्याची तारीख टाका आणि मोबाईलमध्ये विसाव्या दिवसाचा अलार्म लावा. बोलणी चालू ठेवा हवी तर, पण नोटीस जाऊ द्या. नोटीस म्हणजे नातं तोडणं नाही.

चेक नाही, नुसती बिलाची उधारी आहे, तर तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे का बघा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला २००६ च्या एमएसएमई कायद्याने संरक्षण आहे, खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. वर्कऑर्डर मात्र लेखी हवी. व्हॉट्सॲपवर का असेना पण "एवढे नग, एवढा दर, मिळाले" हे समोरच्याकडून लिहून घ्या.

करारात लवादाचं कलम आहे का तेही वाचा. म्हणजे वाद झाला तर कोर्टात न जाता लवादाकडे, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या खाजगी पंचाकडे, जायचं आणि तेही अमुक शहरात, असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मोठ्या कंपनीच्या करारात ते शहर तुमचं नसतंच.

५. पोलीस स्टेशनचं बोलावणं आलं तर

मावसभावाला फोन आला, "जरा येऊन जा, पाच मिनिटांचं काम आहे." ऑफिसातल्या पैशांच्या अफरातफरीचं प्रकरण होतं, त्याचं नाव कोणीतरी घेतलं होतं. तो एकटा गेला, सकाळी ११ ला. संध्याकाळी ७ वाजता मावशीचा मला फोन, तो फोन उचलत नाहीये. तो तिथेच बाकावर बसून होता, फोन बाजूला ठेवायला लावला होता, आणि मधल्या वेळात "मदत होईल म्हणून" त्याने तीन पानं स्वतःच्या अक्षरात लिहून दिली होती. गुन्हा त्याने केला नव्हता, पण त्या तीन पानांत दोन तारखा चुकीच्या पडल्या आणि पुढे त्याच त्याच्या गळ्यात आल्या.

म्हणून फोन आला की नम्रपणे विचारा, कुठल्या प्रकरणात, गुन्हा नंबर काय, साक्षीदार म्हणून की संशयित म्हणून, साहेबांचं नाव काय. आणि म्हणा, लेखी नोटीस द्या, मी वकिलांना घेऊन हजर होतो. यात उद्धटपणा काही नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस देतात. ही नोटीस नुसती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये सांगितलंय. नोटीस आली तर टाळू मात्र नका, तिचं पालन करत राहिलात तर पोलिसांना खास कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही, आणि टाळलीत तर तेच कारण होतं.

हे हक्क पाठ करून ठेवा, घरातल्या बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांनाही सांगून ठेवा:

- राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटक झालेल्याला कारण कळलं पाहिजे, आवडीच्या वकिलाला भेटता आलं पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं पाहिजे.
- अनुच्छेद २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती करता येत नाही. नाव-पत्ता खरा सांगा, बाकी वकील आल्यावर.
- चौकशी चालू असताना वकिलाला भेटायचा हक्क आहे, पूर्ण वेळ शेजारी बसवण्याचा नाही, पण भेटायचा आहे.
- बाई, १५ वर्षांखालचा मुलगा आणि ६० च्या वरचा माणूस यांना तपासात जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलवत नाहीत, घरी येऊन विचारतात.
- सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते.
- तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात त्यावर सही घेता येत नाही. फिर्याद वेगळी, तिच्यावर फिर्यादीची सही असते. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही, कोणी कितीही गोड बोललं तरी.

वकील कधी? बोलावणं आल्यावर, जायच्या आधी. अटक होईल असं वाटत असेल तर सत्र न्यायालयात किंवा हायकोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाकता येतो, पण तो अटकेच्या आधीच, नावातच आहे ते. अटक झालीच असेल तर पहिल्या रिमांडला वकील उभा पाहिजे, तिथे पोलीस कोठडी किती दिवस द्यायची ते ठरतं. आणि आत असलेल्या माणसाचं आरोपपत्र गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत दाखल झालं नाही तर त्याला जामिनाचा हक्क तयार होतो, पण अर्ज करावा लागतो, दिवस मोजून. आरोपपत्र दाखल झालं की तो हक्क जातो, म्हणून इथेही तारीखच.

व्हिडिओ कॉलवर कोणी वर्दीत बसून "डिजिटल अरेस्ट" सांगत असेल तर फोन ठेवा आणि १९३० लावा. अशी अटक कायद्यात नाहीच.

६. वकील निवडणं

नात्यातला वकील आहे म्हणून त्यालाच सगळं देऊ नका. जमिनीची कामं करणारा वकील जामिनाला धावाधाव करेलच असं नाही. अपघाताला न्यायाधिकरणात रोज उभा राहणारा शोधा, फौजदारीला फौजदारीचा. कसा शोधायचा तर कोर्टात सकाळी ११ च्या सुमाराला त्या दालनाच्या मागच्या बाकावर दोन दिवस जाऊन बसा, सुनावणी उघडी असते, कोण तयारीने बोलतंय आणि कोण नुसती तारीख मागतंय ते लगेच कळतं. मी असंच केलं होतं. सनद नंबर, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर, विचारायला लाजू नका.

पहिल्या भेटीत चार प्रश्न विचारा: मुदत कधी संपते, माझ्या केसमधली सगळ्यात कच्ची बाजू कुठली, किती टप्पे आहेत, आणि तारखेला तुम्ही स्वतः येणार की ज्युनिअर. जो म्हणतो शंभर टक्के जिंकतो त्याला नमस्कार करून बाहेर या. कच्ची बाजू सांगतो तो वकील धरा.

आणि त्याला सगळं खरं सांगा. तुम्ही दारू प्यायला होतात, लायसन्स संपलं होतं, रोखीत पैसे घेतलेत, जे असेल ते. तुम्ही वकिलाला सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय बाहेर सांगायला त्याला कायद्याने बंदी आहे. लपवलेली गोष्ट समोरच्या वकिलाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा हे बरं.

७. पहिल्या भेटीला काय न्यायचं

एका पानावर तारीखवार हकीगत, तुमच्याच शब्दांत, वर नाव-नंबर. बाकी प्रकरणाप्रमाणे:

- अपघात: एफआयआर, पंचनामा, केस पेपर आणि डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची सगळी बिलं, दोन्ही गाड्यांचे कागद, जखमीचं लायसन्स, उत्पन्नाचा पुरावा, वयाचा दाखला. अपंगत्वाचं सर्टिफिकेट नंतर येतं.
- धंदा: करार, बिलं, डिलिव्हरी चलन, खातेउतारा, चेक आणि मेमो, आलेल्या-गेलेल्या नोटिसा पोचपावतीसकट. व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका आणि तो फोन विकूही नका, मूळ फोन लागू शकतो.
- फौजदारी: नोटीस, एफआयआरची प्रत, आधार, तुम्ही त्या दिवशी कुठे होतात याचं जे काही असेल ते, तिकीट, सीसीटीव्ही, हजेरी. सीसीटीव्हीचं फुटेज थोड्या दिवसांत पुसलं जातं, तेव्हा आधी ते धरा.

सगळ्याची झेरॉक्स द्या, मूळ कागद स्वतःकडे, आणि द्यावेच लागले तर यादी करून त्यावर पोच घ्या.

८. फी, वकीलपत्र आणि नंतर

फी टप्प्याटप्प्याने ठरवा, नोटिशीचे किती, दावा टाकायचे किती, साक्षीपुराव्याचे किती, आणि टायपिंग, स्टॅम्प, झेरॉक्स यात आहे की वेगळं. पावती मागा. वकीलपत्रावर सही करताना वर केसचं आणि वकिलाचं नाव भरलेलं असू दे.

केस दाखल झाली की तिचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे केसची कायमची ओळख, घ्या आणि ई-कोर्ट्सचं ॲप मोबाईलमध्ये टाका, फुकट आहे, मराठीतही आहे. पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, सगळं दिसतं. आमच्या वकिलांवर माझा विश्वास आहे तरी मी दर तारखेच्या संध्याकाळी बघतो. दोन-तीन तारखा लागोपाठ तुमच्याच बाजूने कोणी हजर नाही असं दिसलं तर लगेच जाऊन भेटा.

वकील बदलायचा हक्क तुम्हाला आहे. आधीच्या वकिलाची ना हरकत घेतात, फी बाकी असेल तर मिटवा, पण फी बाकी म्हणून पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २००० साली सांगितलेलं आहे. फसवणूकच झाली असेल तर राज्याच्या बार कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते.

९. पैसे नसतील तर

हे वाचून कोणाला वाटेल की आपल्याला कुठला वकील परवडतोय. प्रत्येक जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते. १९८७ च्या कायद्याने बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग, आणि कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्ज साध्या कागदावर चालतो. आमच्या मावशीला हे कोणी सांगितलंच नव्हतं, तिने पहिल्या दिवसाच्या वकिलासाठी पाटल्या मोडल्या. फोन करायचा असेल तर नंबर १५१००, कुठल्याही जिल्ह्यातून लागतो, आणि नुसता सल्ला हवा असेल तरी करता येतो.